घाट संपल्यावर बंद पडणारी गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मोटार दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला विचारा, सगळ्यांत वाईट बिघाड कोणता? इंजिन बसलं, गिअर तुटला, असलं काही तो सांगणार नाही. तुटलेली वस्तू डोळ्यांना दिसते, ती बदलता येते. तो सांगेल, ‘येऊन-जाऊन असतो तो बिघाड.’ गाडी रस्त्यात बंद पडते, तुम्ही ओढून गॅरेजमध्ये नेता, मिस्त्री किल्ली फिरवतो आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू होते. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसं. मिस्त्री तुमच्याकडे बघतो, तुम्ही मिस्त्रीकडे बघता, आणि मनात दोघंही एकमेकांना मूर्ख म्हणत असता.

अशा एका बिघाडाची ही हकिकत आहे. २००३ सालची. गाडी अ‍ॅम्बॅसॅडर, वडिलांनी १९८१ साली घेतलेली. म्हणजे बावीस वर्षांची. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी चिपळूणला शाळेत विज्ञान शिकवत होतो. दर वर्षी दहावीच्या मुलांना फॅरडेचं वेटोळं आणि चुंबक दाखवायचो. १८३१ साली फॅरडेनं लावलेल्या त्याच शोधावर माझ्या गाडीतली ठिणगी चालत होती, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि उपयोगी पडणं यांत किती अंतर असतं, ते त्या वर्षी कळलं.

त्या वर्षी मार्चपासून आईला दर तीन आठवड्यांनी कराडला न्यावं लागे. केमोथेरपीचे सहा फेरे ठरले होते. चिपळूण ते कराड शंभरेक किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट. एसटीनं तिला जाताना कसंबसं जमलं असतं, येताना शक्य नव्हतं. भाड्याची गाडी दर वेळी परवडणारी नव्हती. घरात गाडी असताना भाड्यानं कशाला, हा आईचा मुद्दा वेगळाच. तेव्हा वडिलांची अ‍ॅम्बॅसॅडर धुऊन-पुसून बाहेर काढली.

पहिल्याच खेपेला ती थांबली. पोफळी सोडली, घाट चढून आलो, वर माथ्यावर रस्ता जरा सरळ झाला, आणि गाडीनं दोन झटके दिले. मग इंजिन बंद. मी चार-पाच वेळा स्टार्टर मारला, अ‍ॅक्सिलरेटर दाबदाबून पाहिला. पेट्रोलचा वास सुटला, पण इंजिन काही धरेना. बॉनेट उघडून नुसताच उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली तर सुरू! जणू काही झालंच नाही. त्या डोंगराच्या पोटात पोफळीचं वीजगृह महाराष्ट्रासाठी वीज तयार करत होतं आणि मी वर एका ठिणगीसाठी ताटकळत होतो. हे अर्थात नंतर सुचलं. त्या वेळी फक्त घाम फुटला होता.

आमच्या मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पेट्रोल गरम होतंय, सर. घाट चढताना इंजिन तापतं, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप रिकामा मारतो. थंड झालं की परत चालू.’ ही गोष्ट खोटी नव्हे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत उन्हाळ्यात असं व्हायचं. पंपावर ओलं फडकं टाकून घाट चढणारे ड्रायव्हर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दुसऱ्या खेपेला मीही फडकं भिजवून बांधलं. गाडी घाटमाथ्यावर, जवळजवळ त्याच वळणापाशी थांबली. आणि येताना मल्हारपेठच्या अलीकडे, संध्याकाळच्या गारव्यात, सपाट रस्त्यावर पुन्हा थांबली. फडकं तेव्हा ओलंच होतं.

इथेच मला शहाणपण यायला हवं होतं, पण आलं नाही. आम्ही सामान बदलायला सुरुवात केली.

आता थोडं त्या यंत्रणेबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. हल्लीच्या गाड्यांत हे काम संगणक करतो. पण आपल्याकडे नव्वदीच्या दशकापर्यंत बहुतेक पेट्रोल गाड्यांत जी रचना होती, ती चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९१० च्या सुमारास मोटारीत आणलेली. बॅटरी बारा व्होल्टची. बारा व्होल्टनं प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही, त्याला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. कॉइलमध्ये एकावर एक दोन वेटोळी असतात, एक थोड्या वेढ्यांचं जाड तारेचं, दुसरं हजारो वेढ्यांचं केसासारख्या तारेचं. जाड तारेतून बॅटरीचा करंट वाहू द्यायचा आणि एकदम तोडायचा. तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब उसळतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. लक्षात घ्या, ठिणगी करंट जोडल्यावर पडत नाही, तोडल्यावर पडते.

हे जोडणं-तोडणं करणारी जागा म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. नखाएवढे दोन धातूचे तुकडे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्यांच्या शेजारी कंडेन्सर, तो उघडताना पॉइंट जळू देत नाही. वर फिरणारा रोटर, तो पत्ते वाटणाऱ्यासारखा एकेका प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटत जातो. आणि हे सगळं एका काळ्या टोपीखाली.

तेव्हा कॉइल बदलली. तापली की आतली तार प्रसरण पावते, कुठे बारीक तुटलेली असेल तर सांधा सुटतो, गार झाली की पुन्हा चिकटतो. ‘गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू’ हे कॉइलचं नेहमीचं दुखणं. कंडेन्सरचंही तेच. म्हणून कंडेन्सर बदलला. मग पॉइंट, प्लग, प्लगच्या वायरी, टोपी, रोटर. मिस्त्री चुकत होते असं मी म्हणणार नाही. मी जी लक्षणं सांगितली, त्यांवर कोणीही हेच केलं असतं. गडबड माझ्या सांगण्यात होती. मी त्यांना सांगत होतो, ‘गाडी तापली की बंद पडते.’ हे लक्षण नव्हतं, माझं मत होतं. लक्षण एवढंच होतं की गाडी अमुक जागी बंद पडली.

एप्रिलच्या मध्यावर तिसरी खेप. सगळं सामान नवं. घाट चढलो, माथ्यावर आलो, आणि एका आंधळ्या वळणाच्या बरोबर पलीकडे इंजिन गेलं. गाडी रस्त्याच्या मधोमध. मागून जांभा दगड भरलेला ट्रक आला. त्यानं हॉर्न दिला तो अजून कानात आहे. ब्रेक लागले, ट्रक आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. क्लीनर उतरला, ओरडायच्या तयारीतच होता, पण पुढच्या सीटवर डोक्याला रुमाल बांधून बसलेली आई पाहिली आणि काही न बोलता गाडी ढकलायला लागला. आई एवढंच म्हणाली, ‘पुढच्या वेळी एसटीनं जाऊ.’ तिनं पुन्हा एसटीचं नाव काढणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

त्या दिवशी परत आल्यावर मी एक वाईट गोष्ट केली. गॅरेजमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं उभी असताना मिस्त्रींना म्हणालो, ‘तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा.’ ते काही बोलले नाहीत. हातातलं काम चालू ठेवलं. त्यानंतर मी गाडी दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथे कार्बोरेटर उघडून साफ करून मिळाला, बिल मोठं झालं, आणि दोन दिवसांनी खेर्डीच्या सपाट रस्त्यावर गाडीनं तोच झटका दिला.

आता हातात एक वही घेतली. शाळेत मुलांना सांगतो ना, आधी निरीक्षण, मग अनुमान. कुठे थांबली, कितव्या गिअरमध्ये, किती वाजता, ऊन की सावली, बंद पडताना नक्की काय झालं. आठवून आठवून लिहिलं. पेट्रोल कमी पडलं तर गाडी कशी बंद पडते? दम कमी होत जातो, खोकते, ओढ जाते, मग थांबते. आणि वीज गेली तर? दिव्याचं बटण बंद केल्यासारखी. आमची गाडी बटणासारखी बंद पडत होती. मधले झटकेही तसेच, एकदम जाणं आणि एकदम येणं. म्हणजे पेट्रोल निर्दोष. ओलं फडकं, कार्बोरेटर, सगळं वाया. हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

वही मी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. आईनं चष्मा लावून वाचली. आणि म्हणाली, ‘एक लिहायचं राहिलंय तुझं. तू पाय सैल केलास की होतं ते. चढ असेपर्यंत ती काही करत नाही. चढ संपला की तू हुश्श करतोस, पाय जरा वर घेतोस, आणि मग ती थांबते.’

शेजारी बसून ती हे तीन खेपा बघत होती. कोणी विचारलं नाही म्हणून बोलली नव्हती.

मी वही पुन्हा वाचली. घाटमाथा, मल्हारपेठचा सपाट रस्ता, खेर्डी. भर चढात एकदाही नाही. तापलेल्या इंजिनाचा प्रश्न असता, तर सगळ्यांत जास्त ताण असताना, म्हणजे चढात, बंद पडायला हवी. ही बंद पडत होती ती अर्धवट दाबलेल्या पायावर. आणि पंधरा मिनिटांत थंड होण्याची भानगडही नव्हती. बंद पडली की मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहायचो, इंजिनात पेट्रोल जास्त व्हायचं आणि ते उडून जाईपर्यंत गाडी धरत नसे. आम्ही पंधरा मिनिटं थांबायचो, म्हणून ती पंधरा मिनिटांनी सुरू व्हायची.

पण पाय सैल करण्याचा आणि ठिणगीचा संबंध काय? याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते एवढंच की हा चोर गॅरेजमध्ये सापडणार नाही, त्याला चालत्या गाडीत पकडायला हवा. त्यासाठी टेस्ट लॅम्प.

टेस्ट लॅम्प म्हणजे काय, बारा व्होल्टचा गाडीच्या पार्किंगचा साधा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. दुसरी जिथे तपासायचं तिथे. मी असे दोन केले. कॉइलला बारीक करंटची दोन टोकं असतात. एका टोकाला किल्लीकडून करंट येतो, दुसऱ्या टोकातून पॉइंटकडे जातो. पहिला बल्ब पहिल्या टोकावर, दुसरा दुसऱ्या टोकावर, आणि दोन्ही वायरी लांब करून बॉनेटखालून, जुन्या केबलच्या भोकातून आत गाडीत आणल्या. पंख्यात आणि सायलेन्सरच्या पाइपला लागणार नाहीत अशा बांधल्या. ही काळजी घ्यावी लागते, नाहीतर वायर सोलवटून नवाच बिघाड व्हायचा. पहिल्या बल्बावर आईनं लाल जिलेटीन कागद गुंडाळला, दुसऱ्यावर हिरवा. नातवंडांच्या कंदिलातून उरलेला.

आता हे दिवे काय सांगतात ते बघा. इंजिन चालू असताना लाल सतत पेटलेला, कारण किल्लीतून करंट येतोय. हिरव्याचं गणित उलटं आहे. पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधला करंट त्यांतून थेट अर्थला उतरतो, हिरव्याच्या वाट्याला काही येत नाही, तो विझतो. पॉइंट उघडले की तो पेटतो. चालत्या इंजिनात हे इतकं भरभर होतं की हिरवा मंद, थरथरता दिसतो.

गाडी बंद पडल्या क्षणी, चाकं अजून फिरत असताना, दिवे बघायचे. दोन्ही विझले, तर किल्ली किंवा तिच्याकडून येणारी वायर. लाल पेटलेला आणि हिरवा विझलेला, तर कॉइलच्या पुढे करंट कुठेतरी भलत्या जागी अर्थ होतोय, कंडेन्सर फुटला असेल किंवा वायर घासली असेल. कॉइलची आतली तार तुटली तरी हिरवा विझेल, पण कॉइल आपली नवी होती. लाल पेटलेला आणि हिरवाही एकदम ठळक, न थरथरता, तर पॉइंटकडून अर्थला जाणारी वाट तुटली. आणि दोन्ही दिवे नेहमीसारखेच राहिले, तर या बाजूला काही नाही, टोपी, रोटर, प्लगच्या वायरी बघा.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चौथी खेप. आईला म्हटलं, ‘मला रस्ता सोडून बघता येणार नाही. तू बघ.’ तिनं दोन्ही बल्ब पदरावर घेतले, दिवसाच्या उजेडात दिसावेत म्हणून वरून हातानं आडोसा केला. तिच्या हातांना तेव्हा सुयांचे काळे डाग पडले होते. पोफळी सोडली तशी मी बोलायचं बंद केलं. चढ संपला. मी मुद्दाम हुश्श केलं. पाय सैल केला.

झटका. पुन्हा झटका. इंजिन गेलं. मी या वेळी आधीच डावीकडे मोकळी जागा हेरून ठेवली होती, गाडी तिथे घातली.

आई म्हणाली, ‘तांबडा होता तसाच आहे. हिरवा एकदम मोठा झाला. पहिल्या झटक्याला मोठा होऊन परत बारीक झाला, दुसऱ्यालाही तसंच, मग मोठाच राहिला. आता तू थांबवलीस, पाय काढलास, तशी विझलाय.’

याहून चांगला अहवाल प्रयोगशाळेत मिळाला नसता. पॉइंटच्या बाजूची वाट तुटत होती. मी अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

कराडहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. माफी मागायची पद्धत मला नीट जमत नाही. मी म्हटलं, ‘तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही.’ ते म्हणाले, ‘दिवे कुठे जोडले होते ते दाखवा.’ झालं तेवढ्यावर.

त्यांनी सगळं ऐकलं, आईचं वाक्यही. पाय सैल केला की होतं, हे ऐकल्यावर हातातला पाना खाली ठेवला. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक चपटी गोल डबी असते, तिच्यातून एक बारीक नळी कार्बोरेटरकडे जाते. त्या डबीवर बोट ठेवून म्हणाले, ‘ही ओढते.’

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला विज्ञानाचा शिक्षक असून ठाऊक नव्हतं. पाय हलका असताना इंजिनात मिश्रण कमी जातं, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी कार्बोरेटरमधली ओढ त्या डबीतल्या पडद्याला खेचते, आणि पॉइंट ज्या पत्र्यावर बसवलेले असतात तो पत्राच थोडा फिरतो. पाय पूर्ण दाबला की ओढ कमी होते, पत्रा मागे येतो. पाय पूर्ण काढला तरी मागे येतो. म्हणजे भर चढात पत्रा एका जागी, माथ्यावर पाय सैल झाला की दुसऱ्या जागी. आणि गॅरेजमध्ये? तिथे गाडी एकतर नुसती धडधडत उभी असते, नाहीतर मिस्त्री दणकन अ‍ॅक्सिलरेटर देतो. अर्ध्या पायावर, रस्त्याचे धक्के खात ती तिथे कधी चालतच नाही.

टोपी काढली. इंजिन हातानं फिरवून पॉइंट पूर्ण मिटतील अशा जागी आणलं. किल्ली चालू, हिरवा बल्ब विझलेला, बरोबर. मिस्त्रींनी नळी कार्बोरेटरकडून सोडवली आणि माझ्या हातात दिली. ‘ओढा, सर.’ म्हणजे तोंडानं. मी ओढलं. पत्रा फिरलेला दिसला. बल्ब विझलेलाच. पुन्हा ओढलं. काही नाही. चौथ्या वेळेला बल्ब पेटला! पॉइंट मिटलेले असताना. नळी सोडली, विझला. दहा वेळा ओढून तीनदा पेटला. मध्येमध्ये ते किल्ली बंद करायला लावत होते, पॉइंट मिटलेले ठेवून किल्ली चालू राहिली तर कॉइल तापते म्हणून. मग त्यांनी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक त्या फिरणाऱ्या पत्र्याला आणि दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला दाबून धरलं. ‘आता ओढा.’ मी वीस वेळा ओढलं असेल, गाल दुखले. बल्ब एकदाही पेटला नाही.

म्हणजे पॉइंटकडे येणारी वायर ठीक होती. तुटत होती ती पत्र्याची अर्थ. फिरणाऱ्या पत्र्याला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी एक इवलीशी वायर असते, जेमतेम दोन इंच, वर सुती वेष्टण. बघायला अगदी धड. मिस्त्रींनी ती चिमट्यानं हलकेच ओढली, तर रबरासारखी लांब झाली. तार कधी लांब होत नाही. आतले सगळे पदर तुटलेले होते, उरलं होतं ते वरचं कापड. ‘सदरा इस्त्रीचा आहे, सर, आत माणूस नाही,’ मिस्त्री म्हणाले.

मला शंका आली. आतली तार तुटली होती, तर गाडी इतके दिवस चालली कशी? तर तो फिरणारा पत्रा खालच्या स्थिर पत्र्यावर घासत असतो. धातूला धातू लागला की वायरीशिवायही अर्थ मिळते, बहुतेक वेळा मिळतेच. पण मध्ये तेलाचा, मळीचा पातळ थर आहे. पत्रा फिरून नेमका अशा जागी गेला आणि वर रस्त्याचा धक्का बसला की संबंध सुटतो. कधी क्षणभर, कधी जास्त वेळ. आणि दर वेळी पॉइंट बदलताना किंवा साफ करताना मिस्त्रींचा हात त्या पत्र्याला लागत होता, तो जरा हलत होता आणि पन्नास किलोमीटर गाडी गुणानं चालत होती. त्यामुळे दर दुरुस्तीनंतर आम्हाला वाटायचं, जमलं. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष काही नाही. बावीस वर्षं दिवसातून हजारदा वाकणारी तार कधीतरी तुटायचीच.

नवी तयार वायर चिपळूणला मिळेना. मिस्त्रींनी इस्त्रीच्या जुन्या वायरमधले बारीक पदर काढले, ते मऊ असतात, वाकून लवकर तुटत नाहीत. त्याला सुती कापडाची नळी घातली, दोन्ही टोकांना कल्हई करून बसवलं. जुन्याहून थोडी सैल ठेवली, पत्रा फिरताना ताण येऊ नये म्हणून. दोन्ही पत्र्यांमधली मळी पुसली. पाऊण तासाचं काम. बदललेल्या सगळ्या सामानाचे मी त्याआधी अडीच हजारांवर रुपये घातले होते. या वायरीचे त्यांनी वीस रुपये सांगितले, आणि जास्त देऊ लागलो तर घेतले नाहीत. ‘बाईंना सांगा, त्यांनी पकडला,’ म्हणाले.

काढलेली जुनी कॉइल आणि कंडेन्सर मी टाकून दिले नव्हते. दोन्ही चांगले निघाले. पुढे सुटे म्हणून डिकीत राहिले, आणि कंडेन्सर चार वर्षांनी दुसऱ्याच कुणाला गुहागर रस्त्यावर उपयोगी पडला.

मेच्या शेवटी पाचवी खेप. घाटमाथ्यावर मी पाय सैल केला, आणि गाडी नुसती चालत राहिली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. हेळवाक आल्यावर आईनं डब्यातली लिंबाची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘आता हुश्श कर.’

सहावी खेप जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस लागलेला. वायपर जेमतेम पाणी काढत होते, घाटात धुकं, समोरच्या ट्रकचा नुसता मागचा दिवा दिसत होता. मी दिवे आधीच काढून ठेवले होते, काम झालं म्हणून. आईनं गाडीत बसल्याबरोबर विचारलं, ‘ते दिवे कुठे गेले?’ म्हटलं, ‘आता कशाला? बिघाड निघाला.’ ती म्हणाली, ‘असू देत की. नुसती बसून राहते नाहीतर मी.’ तेव्हा त्या मुसळधार पावसात बॉनेट उघडून मी निदान हिरवा तरी जोडून दिला. कराडपर्यंत तिनं तो हातात धरला होता. मध्येच सांगायची, ‘थरथरतोय. बरोबर आहे.’

ती त्यानंतर सहा वर्षं होती. गाडी मी २०११ साली विकली. अ‍ॅम्बॅसॅडर बनवणं २०१४ मध्ये थांबलं. घेणारे गृहस्थ साताऱ्याकडचे होते. सगळं बघून झाल्यावर डॅशबोर्डखाली लोंबणाऱ्या हिरव्या कागदाच्या बल्बाला हात लावून त्यांनी विचारलं, ‘हे कसलं इंडिकेटर?’ मी सांगितलं, पॉइंटचं. ते म्हणाले, ‘कंपनीचं दिसत नाही.’ म्हटलं, ‘नाही. घरचं आहे. राहू द्या.’